एकाची टिपणवही, सर्वांचे ज्ञानधन

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



व्यापारी पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खाती जातो. रोजकीर्द कितीही सुवाच्य असली तरी केवळ तिच्यावरून पेढी नफ्यात आहे की तोट्यात, हे सांगता येत नाही. खतावणी व्हावी लागते, ताळेबंद निघावा लागतो, तेव्हा कोठे वर्षाचे खरे स्वरूप समोर येते.

ज्ञानाच्या क्षेत्रातही असेच घडत असते. कोणी पावसाची, कोणी पिकांची, कोणी झाडांच्या बहराची तर कोणी पक्ष्यांच्या येण्याजाण्याची रोजकीर्द वर्षानुवर्षे निष्ठेने लिहीत असतो. अशा वह्या घरोघरी आढळतात. परंतु त्या सर्वांची मिळून एक खतावणी झाली, असे फार थोड्या वेळा घडले. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय अशाच एका खतावणीचा आहे. पक्षिनिरीक्षकांच्या खाजगी टिपणांतून गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर जो सार्वजनिक ज्ञानसाठा उभा राहिला, तो कसा उभा राहिला, त्याची शिस्त कोणती, त्याच्यापुढील अडचणी कोणत्या आणि त्यापासून इतरांनी काय घ्यावे, याचा येथे विचार करावयाचा आहे. पक्ष्यांचेच उदाहरण घेण्याचे कारण असे, की खाजगी टिपणापासून सार्वजनिक धनापर्यंतचा प्रवास या एका क्षेत्रात दीडशे वर्षे सलग पाहता येतो. आणि त्या प्रवासात काय गमावले व काय मिळाले, याचा हिशेबही मांडता येतो.

रद्दीत गेलेला ग्रंथ

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून सर्वपरिचित आहे. १८८५ साली मुंबईत सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. परंतु त्याआधी अनेक वर्षे हे सनदी अधिकारी भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासात आकंठ बुडालेले होते. देशभर विखुरलेले अधिकारी, वनखात्याचे लोक व हौशी निरीक्षक यांच्याशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार चाले. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक सुरू केले आणि या मंडळींनी पाठविलेली टिपणे त्यात छापली जाऊ लागली. भारतातील पक्ष्यांवर एक सर्वांगपरिपूर्ण ग्रंथ लिहावा, हा त्यांचा मुख्य संकल्प होता. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरी साठविलेली होती.

१८८३ साली प्रवासाहून परतल्यावर त्यांना आढळले, की त्या हस्तलिखितांतील पुष्कळशी पाने एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकून टाकली आहेत. त्याच सुमारास अतिवृष्टीने दरड कोसळून त्यांच्या संग्रहालयाचीही हानी झाली. या आघातानंतर ह्यूम यांचा पक्षिशास्त्रातील रस ओसरला. आपला पक्षिसंग्रह त्यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. संकल्पित महाग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही.

या घटनेतील बोध नोकराच्या अज्ञानाचा नाही. ‘स्ट्रे फेदर्स’मधून जी टिपणे छापली गेली, तिच्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्या आणि ती आजही वाचता येतात. जी एकाच घरात, एकाच प्रतीत राहिली, ती गेली. दोन्ही टिपणे एकाच योग्यतेच्या माणसाची, एकाच काळातील आणि एकाच विषयाची होती. फरक एवढाच, की एक भाग सार्वजनिक झाला होता आणि दुसरा व्हावयाचा होता.

नोंद जपली गेली तर

याच्या उलट, वही जपली गेली तर ती लिहिणाऱ्याच्या कल्पनेतही नसलेले काम करते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकॉर्ड नावाचे गाव आहे. ‘वॉल्डन’चे लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५२ ते १८५८ या काळात गावाच्या परिसरातील शेकडो वनस्पतींना पहिले फूल कधी येते, याच्या तारखा टिपून ठेवल्या. १८६२ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्याच गावातील आल्फ्रेड हॉस्मर नावाच्या एका दुकानदाराने तसेच टिपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चालू ठेवले. बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी अब्राहम मिलर-रशिंग यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी या दोघांच्या नोंदी काढल्या, स्वतः त्याच गावात फिरून नव्या तारखा मिळविल्या आणि दोहोंची तुलना केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसून आले, की थोरोच्या काळाच्या तुलनेत ४३ नेहमीच्या वनस्पती सरासरी सात दिवस आधी फुलत आहेत. हवामानबदल हा शब्दही ज्या काळी प्रचारात नव्हता, त्या काळातील एका लेखकाची व एका दुकानदाराची वही हवामानबदलाची साक्षीदार ठरली.

जपानमधील क्योटो येथे तर ही साखळी बाराशे वर्षांची आहे. चेरीचा बहर पाहण्याचा उत्सव तेथे पूर्वापार चालत आला असून दरबारी मंडळींनी आपापल्या रोजनिशींत त्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. यासुयुकी आओनो या संशोधकांनी त्या तारखा नवव्या शतकापासून संकलित केल्या. म्हणूनच २०२१ साली क्योटोत २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोपर्यंतच्या ज्ञात नोंदींतील सर्वांत लवकर आलेला बहर होता, असे खात्रीने म्हणता आले. रोजनिशी लिहिणाऱ्यांनी केवळ उत्सवाचा दिवस टिपला होता. पुढील पिढ्यांनी त्यातून ऋतूंचा इतिहास वाचला.

पक्ष्यांच्या बाबतीत वेल्स कुक या अमेरिकन शिक्षकाने १८८१ साली एक प्रयत्न आरंभिला. स्थलांतर करणारे पक्षी वसंतात कोणत्या दिवशी दिसले, ते कळवावे, अशी विनंती त्याने ठिकठिकाणच्या परिचितांना केली. पुढे या कामाला शासकीय आश्रय मिळाला आणि १९७० साली ते थांबेपर्यंत सुमारे ६० लाख कार्डे जमली. नंतर ही कार्डे कपाटांत पडून राहिली. २००९ साली त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवण्यात आली आणि घरी बसून ती वाचून संगणकात उतरविण्याचे आवाहन करण्यात आले. निरनिराळ्या ठिकाणच्या स्वयंसेवकांनी दहा लाखांहून अधिक कार्डे उतरवून काढली. ज्यांनी ती लिहिली ते हयात नव्हते; ज्यांनी ती वाचली त्यांचा लिहिणाऱ्यांशी कसलाही संबंध नव्हता. तरीही एक काम दोन शतकांच्या माणसांनी मिळून केले.

खाजगी वहीलाच सार्वजनिक खाते

वरील सर्व उदाहरणांत एक मर्यादा आहे. नोंद आधी झाली आणि ती सार्वजनिक पुष्कळ वर्षांनी, कोणाच्या तरी परिश्रमाने किंवा योगायोगाने झाली. नोंद करतानाच ती सार्वजनिक व्हावी, अशी व्यवस्था इंटरनेटमुळे प्रथमच शक्य झाली. २००२ साली कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी या अमेरिकन संस्थांनी ‘ईबर्ड’ नावाची योजना सुरू केली. कोणीही पक्षिनिरीक्षकाने आपण पाहिलेल्या पक्ष्यांची यादी तेथे भरावी, अशी ती योजना होती.

प्रारंभीच्या काही वर्षांचा अनुभव मात्र निराशाजनक होता. विज्ञानासाठी आपली माहिती द्या, असे आवाहन केले जात होते. लोक थोडा काळ माहिती देत आणि थांबत. सहभाग वाढेना. तेव्हा २००५-०६ च्या सुमारास चालकांनी दृष्टिकोनच बदलला. निरीक्षकाला स्वतःला काय हवे असते, याचा त्यांनी विचार केला. त्याला आपली आजवरची यादी एका ठिकाणी हवी असते. आपण आयुष्यात किती जाती पाहिल्या, आपल्या जिल्ह्यात किती, या वर्षी किती, गेल्या साली अमुक पक्षी कोणत्या तारखेला दिसला, हे त्याला पाहावयाचे असते. ही सोय योजनेत करून देण्यात आली. त्यानंतर सहभाग झपाट्याने वाढत गेला. २०२१ साली जगभरातील एकूण नोंदींनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला.

सामूहिक ज्ञानसाठा उभारू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लोकांनी सार्वजनिक कार्यासाठी वेगळे कष्ट घ्यावेत, अशी अपेक्षा फार काळ टिकत नाही. ते स्वतःसाठी जे टिपण करीतच आहेत, ते अधिक सोयीचे, अधिक सुरक्षित आणि अधिक आनंदाचे करून दिले, तर त्यातूनच सार्वजनिक धन आपोआप साठत जाते. येथे वही खाजगीच राहते, फक्त तिची खतावणी रोजच्या रोज होत असते.

या व्यवस्थेत आणि विकिपीडियासारख्या विश्वकोशात एक महत्त्वाचा भेदही आहे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे. तेथे एकाच लेखावर अनेक हात फिरतात आणि कोणाचे वाक्य कोणते, हे वाचकाला जाणवत नाही. टिपणांच्या साठ्यात मात्र प्रत्येक नोंद तिच्या कर्त्याच्या नावासह, दिनांकासह आणि स्थळासह स्वतंत्र राहते. एकाची नोंद दुसरा बदलू शकत नाही. येथील एकत्रपणा मिसळून टाकण्याचा नसून शेजारी शेजारी ठेवण्याचा आहे.

नोंदीची शिस्त

कोणतीही वही सार्वजनिक उपयोगाची होण्यासाठी तिला काही शिस्त लागते. “आज तळ्यावर पुष्कळ बदके होती,” हे वाक्य आठवण म्हणून चांगले असले तरी हिशेबाला उपयोगी पडत नाही. दिनांक, ठिकाण, वेळ, निरीक्षणाचा कालावधी, चाललेले अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या इतक्या गोष्टी लिहिल्या, की तेच टिपण दुसऱ्या टिपणाशी ताडून पाहता येते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादी पूर्ण असणे. दुर्मिळ पक्षी दिसला म्हणजे सर्व जण लिहितात. कावळा, साळुंकी, चिमणी यांचे नाव लिहिण्याचा कंटाळा करतात. परंतु ओळखता आलेली प्रत्येक जात यादीत उतरली असेल, तर जे यादीत नाही ते दिसले नाही, असा अर्थ निघतो. शून्य हीदेखील नोंदच होय. एखाद्या गावातून शंभर पूर्ण याद्या आल्या आणि त्यांतील चाळीस याद्यांत चिमणी असली, तर चिमणीच्या आढळाचे प्रमाण चाळीस टक्के ठरते. दहा वर्षांनी तेच प्रमाण वीस टक्क्यांवर आले, तर काहीतरी बिघडले आहे, हे कळते. एकट्याच्या वहीतून हे कळणे कठीण. हजारोंच्या वह्यांतून ते स्पष्ट दिसते.

चुकांचे काय, असा प्रश्न येथे सहज उपस्थित होईल. हौशी माणूस चुकणारच. यासाठी प्रत्येक प्रदेशापुरती, प्रत्येक महिन्याची एक मर्यादा आखलेली असते. त्या महिन्यात त्या प्रदेशात अपेक्षित नसलेली जात किंवा अपेक्षेबाहेरची संख्या लिहिली गेली, तर नोंद तपासणीसाठी बाजूला काढली जाते. त्या भागातील जाणकार स्वयंसेवक नोंद करणाऱ्याला पत्र पाठवून वर्णन किंवा छायाचित्र मागतो. खात्री पटली तर नोंद सार्वजनिक साठ्यात जाते. पटली नाही, तर ती सार्वजनिक साठ्यातून वगळली जाते. परंतु नोंद करणाऱ्याच्या स्वतःच्या यादीत ती तशीच राहते.

या शेवटच्या तरतुदीत मोठी समज आहे. एखाद्याने जे पाहिले असे त्याला वाटते, ते त्याच्या वहीतून खोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याचबरोबर, त्याला वाटते म्हणून ते सर्वांनी सत्य मानावे, असाही आग्रह नाही. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाची विश्वासार्हता या दोहोंचा मान राखणारी ही रीत आहे. आणखी एक परिवर्तन या निमित्ताने नमूद केले पाहिजे. ह्यूम यांच्या काळी पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे मारलेल्या पक्ष्याचे पेंढा भरलेले कातडे असे. आज तीच साक्ष टिपण, छायाचित्र व ध्वनिमुद्रण यांनी दिली जाते. बंदुकीची जागा वहीने घेतली, हा ज्ञानाचा जितका विजय आहे तितकाच करुणेचाही आहे.

भारताचा ताळेबंद

भारतात या चळवळीला मोठी पूर्वपरंपरा आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. डॉ. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांनी रानावनातील लोकांकडून मिळालेली पक्ष्यांची नावे मराठीत आणली आणि पक्षिकोश सिद्ध केला. २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ या योजनेद्वारे हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा देशभरातून गोळा होऊ लागल्या. २०१३ साली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक गणनेत भारतीयांनी भाग घेण्यास आरंभ केला आणि त्यानंतर भारतीय टिपणांचा ओघ वाढतच गेला.

या टिपणांचा पहिला ताळेबंद २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाच्या रूपाने निघाला. सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवरून ८६७ जातींचा आढावा त्यात घेण्यात आला. २०२३ साली दुसरा अहवाल आला. त्यात सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा विचार झाला. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, भारतीय वन्यजीव संस्था, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांसारख्या अनेक संस्था या कामी एकत्र आल्या.

निष्कर्ष चिंताजनक आहेत. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. ज्या ३५९ जातींचा अलीकडील वर्षांतील कल पाहता आला, त्यांपैकी ४० टक्के घटत आहेत. १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने अग्रक्रम देण्याची गरज असल्याचे सांगितले गेले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानले जाते, तो नीलकंठ याच यादीतील होय. जागतिक संकटसूचीत ज्यांच्या स्थानाचा फेरविचार व्हावा, अशा १४ जातींमध्ये अहवालाने त्याचा समावेश केला. उलट मोर, कोकिळ, पारवा व राखी वटवट्या यांची स्थिती सुधारत असल्याचे दिसले.

चिमणीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. चिमण्या नाहीशा झाल्या, असे सर्वत्र बोलले जाते. २०२० च्या अहवालात मात्र असे आढळले, की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या असल्या तरी देशाचा एकूण विचार करता त्यांची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे. शहरातील माणसाचा अनुभव खोटा नव्हता. तो शहरापुरता होता. सर्वांच्या वह्या एकत्र आल्या तेव्हा प्रत्येकाच्या अनुभवाची मर्यादा प्रत्येकाला कळली.

वेळीच नोंद नसेल तर काय होते, हे गिधाडांनी शिकविले. पांढऱ्या पाठीची गिधाडे एके काळी इतकी विपुल होती, की त्यांची मोजदाद करावी असे फारसे कोणाला वाटले नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांच्याकडे १९८० च्या दशकातील मोजणीचे आकडे होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा भयानक घट उघड झाली. देशव्यापी पाहण्यांनुसार १९९२ ते २००७ या काळात या जातीची ९९.९ टक्के घट झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांना मारक ठरते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली पशुवैद्यकीय उपयोगासाठी त्यावर भारतात बंदी आली. जुने आकडे नसते, तर संकट किती मोठे आहे, हे सांगणेही कठीण गेले असते. विपुल असलेल्या गोष्टीची नोंद करणे हेच म्हणून सर्वांत मोलाचे काम ठरते. कारण दुर्मिळ झाल्यावर ती सर्वच करतात.

काही रास्त शंका

या ज्ञानसाठ्याविषयी काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा, की ज्ञान उघडे केले तर त्याचा दुरुपयोग होईल. घरट्याचे ठिकाण कळले तर शिकारी व चोरटे व्यापारी तेथे पोहोचतील. उतावीळ छायाचित्रकारही पोहोचतील. हा धोका खरा आहे. म्हणूनच संकटग्रस्त व संवेदनशील जातींची नेमकी स्थळे सर्वांसाठी उघड केली जात नाहीत. सार्वजनिक याचा अर्थ सर्व काही सर्वांसमोर, असा नव्हे. ज्या जिवाविषयी ज्ञान मिळविले, त्या जिवाचे हित ही त्या ज्ञानाची पहिली मर्यादा होय.

दुसरा आक्षेप मालकीचा आहे. लोकांनी फुकट कष्ट करावेत आणि साठा परदेशी विद्यापीठाच्या संगणकांवर राहावा, हे कितपत योग्य? याचे उत्तर भावनेने न देता व्यवस्थेने दिले पाहिजे. निरीक्षकाला आपल्या सर्व नोंदी केव्हाही उतरवून घेता येतात. संशोधन, शिक्षण व संवर्धन यांसाठी साठा विनामूल्य मिळतो. त्याची प्रत कोपनहेगन येथील जागतिक जैवविविधता माहिती केंद्रालाही दिली जाते. भारतातही ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’सारखी स्वतंत्र व्यासपीठे उभी राहिली आहेत. ज्ञानाचे खरे संरक्षण कुलुपाने होत नसून प्रतींनी होते, हा ह्यूम यांच्या हस्तलिखितांचा धडा येथेही लागू पडतो. कोणत्याही एका संस्थेवर संपूर्ण भिस्त ठेवू नये आणि स्वतःची प्रत स्वतःजवळ ठेवावी, हेच शहाणपणाचे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्यांच्याजवळ दुर्बीण, मोबाइल आणि सवड आहे, त्यांच्याच नोंदी साठ्यात येतात. शहराजवळची तळी दर आठवड्याला मोजली जातात; दुर्गम तालुक्यातील माळराने वर्षानुवर्षे कोणी मोजत नाही. मेंढपाळ, कोळी, कातकरी यांच्याजवळ पक्ष्यांचे जे ज्ञान आहे, ते तर वहीतच नाही. केरळने या उणिवेवर एक उपाय करून दाखविला. २०१५ ते २०२० या काळात तेथे संपूर्ण राज्याचे लहान चौकोन पाडून, त्यांतून निवडलेल्या जागी हजाराहून अधिक स्वयंसेवकांना पाठविण्यात आले. लोकांना जेथे जावेसे वाटते तेथे नव्हे, तर जेथे जाणे आवश्यक आहे तेथे ते गेले. त्यातून ३६१ जातींचा नकाशासंग्रह तयार झाला. खाजगी आवडीतून साठा उभा राहतो. त्यातील पोकळ्या मात्र योजनापूर्वकच भराव्या लागतात.

संस्थांचे कर्तव्य

महाराष्ट्राला खाजगी दप्तरे सार्वजनिक करण्याची परंपरा नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांची दप्तरे पाहत, कागद मिळवीत आणि छापीत. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि अखेर त्या मालेचे २२ खंड झाले. ज्या कागदांना वाळवी लागली असती, त्यांवर पुढे इतिहासलेखनाचा पाया रचला गेला. निसर्गाच्या नोंदींसाठी असे घरोघर जाणारे राजवाडे अद्याप पुरेसे लाभलेले नाहीत.

प्रत्येक तालुक्यात एखादे निवृत्त शिक्षक, वनरक्षक, डॉक्टर किंवा शेतकरी असतात, ज्यांनी तीस-चाळीस वर्षे डायऱ्या भरल्या आहेत. पहिला पाऊस केव्हा पडला, आंब्याला मोहोर केव्हा आला, धोबी पक्षी अंगणात प्रथम केव्हा दिसला, नदीचे पाणी कोणत्या महिन्यात आटले, हे त्यांत असते. लिहिणाऱ्याच्या पश्चात वारसांना त्या वह्यांचे मोल कळत नाही. एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत त्या बाहेर पडतात आणि वजनावर विकल्या जातात. ग्रंथ रद्दीत जाण्यासाठी आजही सिमल्याला जावे लागत नाही.

सामाजिक संस्था, वाचनालये, शाळा व महाविद्यालये यांनी मनावर घेतले, तर हे थांबविता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रथम अशा व्यक्तींचा शोध घ्यावा आणि त्यांच्या हयातीतच, त्यांच्या संमतीने वह्यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ वही मालकाकडेच राहू द्यावी. नंतर विद्यार्थ्यांनी त्यांच्या शेजारी बसून मजकूर उतरवून घ्यावा, कारण अक्षर आणि संक्षेप यांचा उलगडा लिहिणाराच करू शकतो. कौटुंबिक व खाजगी मजकूर वगळावा. कोणत्या अटींवर नोंदी इतरांना वापरता येतील, हे लेखी ठरवावे आणि प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे नाव राहील, याची काळजी घ्यावी. ईबर्डसारख्या ठिकाणी जुन्या तारखांच्या याद्याही भरता येतात. फुले, कीटक व इतर जिवांच्या छायाचित्रांसाठी २००८ साली सुरू झालेले ‘आयनॅचरलिस्ट’ हे व्यासपीठ आहे. आणि हे सर्व करताना एक प्रत संस्थेच्या कपाटात, एक संगणकात आणि एक दूरच्या दुसऱ्या संस्थेत ठेवावी.

ज्यांनी अजून वही घातलेली नाही, त्यांनीही विलंब करू नये. घराच्या गच्चीवरून किंवा शाळेच्या मैदानातून रोज पंधरा मिनिटे पाहावे आणि दिसेल ते सर्व मोजून लिहावे. कावळा व पारवा यांना वगळू नये. दिसले नाही तर तेही लिहावे. यासाठी तज्ज्ञ असण्याची अट नाही. नियमितपणा आणि सचोटी एवढ्या दोनच गुणांची गरज आहे. आणि हे दोन्ही गुण हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्या समाजाला शिकवावे लागू नयेत.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांचा काळ संस्थेच्या जीवनात मोठा असतो. त्या काळाचे मोजमाप करावयाचे, तर पहिल्या वर्षाची नोंद हाती असावी लागते. आज दहा वर्षांचे असलेले मूल गावच्या तळ्यावरील पक्षी मोजून वहीत लिहू लागले आणि ती वही सर्वांच्या साठ्यात जमा होत राहिली, तर पन्नास वर्षांनंतर त्या तळ्याचे काय झाले, हे तर्काने सांगावे लागणार नाही. ते मोजून सांगता येईल. पाणी टिकले असेल तर कशामुळे, पक्षी गेले असतील तर केव्हापासून, हेही सांगता येईल. आणि सुधारणेला अजून वाव असेल, तर कोठून आरंभ करावा, हे कळेल. तसा आरंभ या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.